चेरीची बिअर आणि सहकारसुरा

ब्रसेल्सच्या मध्यवस्तीत, सेंट ह्युबर्टच्या जुन्या काचेच्या छताच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर एक कॅफे आहे. त्याचे नाव 'आ ला मोर्त स्युबित'. मराठीत सांगायचे तर 'आकस्मिक मृत्यू'. २०१९च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझी मुलगी मला तिथे घेऊन गेली. ती नोकरीनिमित्त त्या शहरात राहते. पाटी वाचून तिने अर्थ सांगितला, तेव्हा मी म्हणालो, "बापाला न्यायला दुसरी जागा मिळाली नाही का?"

नावामागची गोष्ट साधी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थेओफिल व्होसेन नावाच्या गृहस्थाचे या भागात एक कॅफे होते. जवळच्या नॅशनल बँकेतले कर्मचारी दुपारच्या सुट्टीत तिथे फासे खेळत. कामावर परतायची वेळ झाली की उरलेला खेळ एका झटपट डावात निकालात काढत. त्या शेवटच्या डावाला ते 'मोर्त स्युबित' म्हणत. व्होसेनने १९२८ साली आताच्या जागेत बस्तान हलवले, तेव्हा गिऱ्हाइकांच्या तोंडचे हे नाव त्याने पाटीवरच चढवले.

लांबलचक दालन, भिंतींवर आरसे, लाकडी टेबले, बाहेर झिमझिम पाऊस. मुलीने दोन ग्लास मागवले. आले ते माणकासारखे लाल. "ही क्रीक. चेरीची बिअर," ती म्हणाली. मी म्हणालो, "बिअरमध्ये चेरी? हे म्हणजे पिठल्यात जिलबी." ती हसली, "आधी चाखून तर बघा, बाबा."

चाखली. गोड होती, सरबताच्या अंगाने जाणारी. माझा पूर्वग्रह पक्का झाला. पण मुलीचा बेत अजून संपला नव्हता. तासाभराने ती मला मागच्या गल्लीतल्या एका लहानशा पबमध्ये घेऊन गेली आणि तिथे तिने 'आउडे क्रीक', म्हणजे जुन्या पद्धतीची क्रीक मागवली. रंग तोच, पण पहिल्याच घोटाला डोळे मिटले. साखर न घातलेल्या कोकमाच्या आगळासारखा आंबटपणा, त्यामागे करवंदाचा रानवट वास, मग कडू बदामाची एक बारीक रेघ, आणि या सगळ्याच्या तळाशी पावसाळ्यात गोणपाट भिजल्यावर गोदामात येतो तसा दमट वास. चांगली लागली असे लगेच म्हणवेना; पण ग्लास खाली ठेववेना, हेही खरे.

आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला असे काही चाखल्यावर गप्प बसवत नाही. हे कुठून आले, कोणी सुरू केले, टिकले कसे, असे प्रश्न त्या टेबलावरच सुरू झाले. त्यांचा माग काढत मी पुढे अनपेक्षितपणे आपल्याच एका जुन्या ग्रंथाच्या दारात येऊन उभा राहिलो. त्या मागाची ही हकीकत.

हवेतून येणारे विरजण

क्रीक समजायची तर आधी लाम्बिक समजली पाहिजे. ब्रसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोतनलांड नावाचा खेड्यांचा टापू, हे लाम्बिकचे घर. जगातली बहुतेक बिअर निवडक, प्रयोगशाळेत जपलेले यीस्ट घालून आंबवतात. लाम्बिकमध्ये यीस्ट कोणी घालत नाही. मोड आणून वाळवलेले जव आणि तीस टक्क्यांच्या वर कच्चा गहू यांचे गोड पाणी कित्येक तास उकळतात. त्यात हॉप्स पडतात तीही वर्षानुवर्षे साठवून कडवटपणा गमावलेली. चवीपेक्षा ती बिअर टिकावी म्हणून. मग ते पाणी माळ्यावरच्या एका उथळ, पसरट तांब्याच्या हौदात ओततात आणि रात्रभर उघडे ठेवतात. खिडक्यांच्या फटींतून हवा येते आणि हवेतून विरजण. दुसऱ्या दिवशी ते लाकडी पिंपांत भरले की एक ते तीन वर्षे ते आपापल्या गतीने आंबत राहते. उन्हाळ्याच्या हवेत नको ते जंतू फार, म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच थंड महिन्यांत चालते.

या विरजणात काय असते, याचा शोधही तिथलाच. १९२१ साली कुफेरात आणि व्हान लार या संशोधकांनी लाम्बिकमधले एक यीस्ट वेगळे काढून त्याला ब्रसेल्सचेच नाव दिले : 'ब्रेटानोमायसिस ब्रुक्सेलेन्सिस'. गोणपाटाचा जो वास मला आला, तो या यीस्टचा. आंबटपणा येतो तो दह्यातल्या जंतूंच्या भाऊबंदांमुळे.

दुसऱ्या दिवशी आम्ही आंदेरलेख्त भागातला 'कांतियाँ' हा कारखाना पाहिला. पॉल कांतियाँने तो १९०० साली सुरू केला. सुरुवातीला दुसऱ्यांकडून लाम्बिक विकत घेऊन तिचे मिश्रण करण्याचा हा धंदा होता. बिअर तिथेच बनू लागली ती १९३० च्या दशकाच्या अखेरीस. पुढे गिऱ्हाईक गोडाकडे वळले आणि आंबट बिअरचे कारखाने एकामागून एक बंद पडू लागले. तेव्हा घरचे जावई जाँ-पिएर व्हान रॉय यांनी १९७८ साली कारखान्याचेच संग्रहालय केले. चालता कारखाना बघायला लोक तिकीट काढून येऊ लागले. आत कोळिष्टके जशीच्या तशी आहेत. कोळी मारायचे नाहीत असा तिथला नियम आहे. कारण फळे आणि पिंपे यांच्याभोवती घोंगावणाऱ्या माश्या तेच खातात. आपल्याकडे दिवाळीआधी जळमटे काढतात. तिथे ती राखतात.

आणि चेरी? जुलैत आंबट चेरी येते. तिच्या जातीचे फ्लेमिश नाव 'क्रीक', त्यावरूनच बिअरचे नाव. मुरलेल्या लाम्बिकच्या पिंपात ती बियांसकट टाकतात. कांतियाँमध्ये लिटरमागे साधारण २०० ग्रॅम. फळातल्या साखरेने झोपी गेलेले यीस्ट पुन्हा जागे होते आणि काही महिन्यांत सगळी साखर फस्त करते. म्हणून जुनी क्रीक गोड नसते. फळाचा गोडवा जातो. रंग, आंबटपणा आणि वास मागे राहतात. कडू बदामाची जी रेघ मला लागली, ती बियांमधून उतरलेली.

गाढवांचे गाव, झाकलेली नदी

या बिअरसाठी नावाजलेली चेरी स्खारबेकची. आज स्खारबेक म्हणजे ब्रसेल्सचे एक दाट वस्तीचे उपनगर. पूर्वी ते बागायतदारांचे गाव होते. तिथले शेतकरी गाढवांवर चेरी लादून शहराच्या बाजारात आणत. 'गाढवे आली रे' अशी चेष्टा होत असणार. कारण स्खारबेकला 'गाढवांचे गाव' हे नाव पडले ते आजतागायत. गावकऱ्यांनी त्याचा राग मानला नाही. तिथल्या जोसाफात उद्यानात आजही हौसेने गाढवे पाळली आहेत. गाढवे आहेत, चेरीच्या बागा मात्र नाहीत. त्यांच्या जागी रस्ते आणि घरे आली. झाडे उरली ती पायोतनलांडमधल्या कुंपणांवर आणि कोणाच्या परसात, तुरळक. आज क्रीकमध्ये पडणारी बरीच चेरी पोलंडसारख्या देशांतून येते.

नदीचेही तेच झाले. लाम्बिकचे पुस्तकी वर्णन 'सेन नदीच्या खोऱ्यातली बिअर' असे असते. मी मुलीला म्हणालो, नदी बघू. ती म्हणाली, "तुम्ही तिच्यावरच उभे आहात." १८६६ साली शहरात पटकीची साथ आली. आधीच गटार झालेली सेन १८६७ ते १८७१ या काळात महापौर ज्यूल आन्स्पाख यांनी कमानी बांधून जमिनीखाली घातली आणि वर रुंद रस्ते काढले. त्यांतल्या एका रस्त्याला आन्स्पाखचेच नाव आहे.

म्हणजे बागा गेल्या, नदी गेली. बिअरही जाण्याच्या बेतात होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ कारखाने कोवळ्या बिअरमध्ये फळांचा रस आणि साखर घालून तिलाच क्रीक म्हणू लागले. 'मोर्त स्युबित'मध्ये मी पहिल्यांदा चाखलेला गोडवा त्याच वळणाचा. जुन्या पद्धतीला आधार दोन बाजूंनी मिळाला. मायकल जॅक्सन या इंग्रज पत्रकाराने (गायक तो वेगळा) १९७७ साली जगभरच्या बिअरवर एक ग्रंथ लिहिला आणि बेल्जियमच्या या खेडवळ पेयांना वाईनच्या पंगतीत बसवले. परदेशी गिऱ्हाईक शोधत येऊ लागले. मग १९९७ साली युरोपीय संघाने 'आउडे क्रीक' आणि 'आउडे ग्योझ' या नावांना कायद्याचे संरक्षण दिले : बाटलीवर 'आउडे' म्हणजे 'जुनी' हा शब्द हवा असेल, तर पद्धतही जुनीच हवी. २०१६ साली युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशात केली.

'शुद्ध' बिअर किती जुनी?

'बिअरमध्ये फळ म्हणजे भेसळ' हे माझ्या मनात कुठून आले होते? बिअर मी त्याआधी दोन-चारदाच चाखलेली, तीही मित्रांच्या आग्रहाखातर आणि घरी न सांगता. तरीही बिअर म्हणजे पिवळी, कडवट, फेसाळ, असे मनात पक्के होते. या कल्पनेला एक जन्मतारीख देता येते. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या ड्यूकनी इंगोलश्टाटला एक फर्मान काढले : बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. त्यात यीस्टचा उल्लेख नाही. ते काय असते हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते. याच फर्मानात बिअरचे दर बांधून दिले होते, आणि गहू पावासाठी राहावा हाही त्याचा एक परिणाम होता. संपूर्ण जर्मनीला हा नियम लागू झाला तो १९०६ साली. तोवर जर्मन पद्धतीची पिवळी बिअर जगभर पसरली होती आणि 'शुद्धता' हा तिच्या जाहिरातीचा शब्द झाला होता.

त्या फर्मानाच्या मागे मात्र हजारो वर्षे आहेत. डेन्मार्कमधल्या एग्तवेड गावी १९२१ साली ओकच्या शवपेटीत एका तरुण मुलीचे दफन सापडले. पेटीच्या लाकडावरून त्याचा काळ इ. स. पूर्व १३७० ठरला. तिच्या पायाशी भूर्जाच्या सालीची छोटी बादली होती. तळाशी सुकलेल्या साक्यात गहू, आंबट रानबोरांसारखी लाल फळे, मध आणि सुवासिक पाल्याचे अवशेष मिळाले. तिला दिलेली शिदोरी म्हणजे फळांची, मधाची बिअर. चीनमधल्या जियाहू इथल्या सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळ यांच्या एकत्र आंबवलेल्या पेयाच्या खुणा सापडल्या आहेत. धान्य एका भांड्यात आणि फळ दुसऱ्या, ही वाटणी नंतरची. फळाच्या सालीवर यीस्ट आपसूक असते. धान्य आंबवायला निघालेल्या माणसाने मूठभर फळे टाकली, यात नवल काहीच नाही.

सुराध्यक्षाच्या दफ्तरात

पुण्याला परतल्यावर एक प्रश्न उरला. आपल्याकडे काय होते? मोहाची, काजूची फेणी, ताडी, माडी ही नावे तोंडावर आली. पण त्यांतले बिअर एकही नाही. बिअर म्हणजे धान्य आंबवून केलेले, न गाळलेल्या अर्काचे पेय. त्याला संस्कृतात नेमका शब्द आहे, सुरा. शोधायचे ठिकाण म्हणजे कौटिलीय अर्थशास्त्र. शतकानुशतके केवळ उल्लेखांतून माहीत असलेला हा ग्रंथ म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ साली लागला आणि १९०९ साली छापून निघाला. पुढे र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केली. दुसऱ्या अधिकरणाचा पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा, म्हणजे आजच्या भाषेत उत्पादन शुल्क खात्याच्या प्रमुखाचा. मी तो पूर्वी वाचला होता, पण करवसुलीसाठी. यावेळी चवीसाठी वाचला.

तिथे चक्क कृती आहेत. 'मेदक' या सुरेसाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. एका द्रोणात सोळा प्रस्थ धरले, तर सोळा भाग पाण्याला दोन भाग तांदूळ आणि तीन भाग किण्व. किण्व म्हणजे विरजण : उडीद आणि तांदूळ यांच्यात वनस्पती मिसळून केलेले. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण 'किण्वन' हा शब्द शिकतो, तो याच किण्वातून आला. 'प्रसन्ना' नावाची सुरा पिठाची; तिच्या कृतीत झाडाची साल आणि फळेही येतात. आणि या यादीत एक नाव असे आले की मी चष्मा पुसून पुन्हा वाचले : सहकारसुरा. सहकार म्हणजे सुवासिक आंबा. आंब्याची सुरा!

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवांची मोजदाद आहे : धान्यांची सहा, फळांची सव्वीस, मुळांची अकरा, फुलांची दहा, अशी उगमानुसार वाटणी. वैद्याने धान्य आणि फळ वेगवेगळ्या खान्यांत ठेवले. सुराध्यक्षाच्या दफ्तरात मात्र आंबा आणि धान्य एकाच नावात बसले आहेत. मागच्या गल्लीतल्या त्या पबमध्ये मी ज्याला पिठल्यातली जिलबी समजत होतो, ते आपल्याकडे किमान सतरा-अठराशे वर्षांपूर्वी सरकारी नोंदीत होते.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. ब्रसेल्समध्ये फळ गेले, कसब राहिले. स्खारबेकच्या बागा नाहीत. पण पिंपे आहेत, माळ्यावरचा हौद आहे, बापाकडून मुलाकडे गेलेला हात आहे. आपल्याकडे उलटे झाले. आंबा आहे, पूर्वीपेक्षा कैक पटींनी आहे. आंबा आणि धान्य एका मडक्यात आंबवणारा हात मात्र गेला. अगदी सगळेच गेले असेही नाही. झारखंडच्या आदिवासी घरांत भाताची हंडिया आजही होते आणि तिच्यात पडणाऱ्या मुळ्या-तांदळाच्या 'रानू'च्या गोळ्या म्हणजे किण्वाचे हयात नातलगच. पण ग्रंथ जपणाऱ्यांनी ते कसब कधी आपले मानले नाही आणि कसब जपणाऱ्यांपर्यंत ग्रंथ पोचला नाही. २००९ साली पुण्यात 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. हे इंग्रजी नाव आपल्या देवळालीवरून आलेले. तिथल्या लष्करी छावणीत मायदेशाच्या जहाजाची वाट बघून डोके फिरलेल्या गोऱ्या शिपायांमुळे त्या शब्दाला 'वेडसर' हा अर्थ चिकटला. आता हंगामात पुण्या-मुंबईच्या अशा ठिकाणी आंब्याची बिअरही मिळते. पिणारे तिला परदेशी नखरा समजतात. तिचे संस्कृत नाव कोणी त्यांना सांगितलेले नसते.

अण्णाकाकांचा ग्लास

त्या रात्री दुसरा ग्लास अर्धा झाला, तेव्हा मुलीने विचारले, "बाबा, आपल्या घरात दारूचं नुसतं नाव काढलं तरी आजी उठून का जायची?"

हे मी तिला कधी सांगितले नव्हते. माझे काका लालबागला गिरणीत होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर पिण्यासाठी परवाना लागे. गिरणीतल्या माणसाला परवाना कुठला? त्याला मिळे ती हातभट्टीची. काळ्या गुळाची, नवसागराची, कशाकशाची. एका रात्री काका घरी आले, डोळ्यांना दिसत नाही म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. गावी तार आली. घरात सांगितले गेले ते 'तापाने गेले' असे. माझ्या आईने, म्हणजे मुलीच्या आजीने, त्यांच्या नावाचा ग्लास फडताळातून काढून परसात पुरला. मी तिच्यामागे उभा होतो.

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणून तुम्ही इतकी वर्षं माझ्याशी या विषयावर बोलला नाहीत?" मी मान हलवली.

हे इथे लिहिण्याचे कारण आहे. दारूने घरे बुडतात, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून पेयाच्या इतिहासाचे गोडवे गाणे मला जमणार नाही. पण सुराध्यक्षाचा अध्याय पुन्हा वाचताना काका आठवले, ते वेगळ्या कारणाने. तिथे पानागाराचे वर्णन आहे : अनेक दालने, वेगवेगळ्या बैठका, सुगंध, फुलांच्या माळा, पाणी, आणि प्रत्येक ऋतूत सुखकर वाटेल अशी रचना. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक. घरगुती कार्यासाठी कुटुंबाला श्वेतसुरा करण्याची मुभा. आणि या सगळ्यावर कडक नजर, हेरांसकट. राज्याला महसूल हवा होता, यात शंका नाही. कौटिल्य काही रसिक म्हणून लिहीत नव्हता. तरी त्याने पिणाऱ्याला बसायला जागा दिली होती, पेयाला नाव दिले होते आणि त्यात काय घालायचे ते लिहून ठेवले होते. काकांच्या ग्लासात जे होते त्याला नाव नव्हते, कृती नव्हती, बनवणारा नव्हता. ते कोणाचेच नव्हते, म्हणून त्यात काहीही घालता येत होते.

क्रीकच्या बाटलीवर गाव असते, बनवणाऱ्याचे नाव असते आणि 'जुनी' हा शब्द खोटा लावला तर कायदा आडवा येतो. चेरी पोलंडची असली, तरी ती कोणाच्या हातून गेली हे कळते. एखादे पेय समाजात राखायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न. पण जे चोरून प्यावे लागते त्याचे कसब प्रथम मरते आणि मग माणसे, एवढे मला इतिहासाने आणि घराने, दोघांनी शिकवले.

आम्ही निघालो तेव्हा पाऊस थांबला होता. आन्स्पाखच्या रस्त्यावरून चालताना मुलीने माझा हात धरला होता. थोड्या वेळाने तिने विचारले, "काकांचं नाव काय होतं?" मी सांगितले. आमच्या घरात ते नाव पुन्हा मोठ्याने उच्चारले गेले, त्याला छप्पन्न वर्षे झाली होती.